राष्ट्रपतिपदाचे इच्छुक आणि दुसऱ्या पसंतीचे मत



अमेरिकेत २०१६ साली रिपब्लिकन पक्षाच्या वतीने अध्यक्षपदासाठी उभे राहू इच्छिणारे सतरा प्रमुख गृहस्थ व एक बाई पुढे आल्या असे कोणी म्हणेल, तर आकडा एकाने चुकेल. बाईंना धरून सतरा. वादसभेच्या एका व्यासपीठावर ते मावेनात, म्हणून दोन पंगती कराव्या लागल्या: पहिली नावाजलेल्यांची, दुसरी उरलेल्यांची. पुढे दक्षिण कॅरोलिना राज्यात पक्षाच्या मतदारांनी मते दिली. शंभरातली जेमतेम साडेबत्तीस मते डोनाल्ड ट्रम्प यांना मिळाली आणि तेथील पन्नासच्या पन्नास प्रतिनिधी त्यांच्या पदरात पडले. उरलेली साडेसदुसष्ट मते पाचसहा जणांत वाटली गेली होती. गर्दीचा फायदा कोणाला होतो, हे यावरून ध्यानात येईल.

आपल्याकडे अशी पक्षांतर्गत निवडणूक नाही. मग आपल्याकडे हे कसे ठरते? आज मी १९६९ सालची हकीगत सांगणार आहे. त्या हकीगतीत तीन मराठी माणसे आहेत, आणि आपण पुणेकरांनी त्यांतल्या एकाला तरी फारच लवकर विसरून टाकले, अशी माझी तक्रार आहे.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन निवर्तले. उपराष्ट्रपती वराहगिरी व्यंकटगिरी हंगामी राष्ट्रपती झाले. काँग्रेसचा उमेदवार कोण, हे ठरवायला जुलैमध्ये बंगलोरला पक्षाच्या संसदीय मंडळाची बैठक भरली. पंतप्रधान इंदिरा गांधींनी जगजीवनराम यांचे नाव पुढे केले. दुसऱ्या बाजूने नीलम संजीव रेड्डी यांचे नाव आले. मत घेतले गेले. रेड्डींना चार, जगजीवनरामांना दोन. चारांत कामराज व मोरारजी देसाई होते, स. का. पाटील होते आणि यशवंतराव चव्हाण होते. म्हणजे कऱ्हाडकडच्या यशवंतरावांचे मत जर दुसरीकडे पडले असते तर तीन विरुद्ध तीन झाले असते. साऱ्या देशाच्या पहिल्या नागरिकाचे नाव एका खोलीत, बोटांवर मोजता येतील एवढ्या माणसांत, असे ठरले.

यानंतर जे घडले ते नाट्य तुम्हांला ठाऊक आहे. १९ जुलैला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. गिरी स्वतंत्रपणे उभे राहिले. इंदिराबाईंनी रेड्डींच्या अर्जावर स्वतः सही केली होती, आणि त्याच बाईंच्या बाजूने पुढे सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या, अशी हाक आली. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा हे स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्याकडे आपल्या उमेदवारासाठी दुसऱ्या पसंतीची मते मागायला गेले, हे त्या हाकेचे निमित्त ठरले.

ही दुसरी पसंती म्हणजे काय? राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मतदार, म्हणजे आमदार व खासदार, उमेदवारांपुढे पहिला, दुसरा, तिसरा असे क्रम लिहितात. कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर तळातल्याला बाद करून त्याची मते पुढच्या पसंतीकडे वळवतात. दक्षिण कॅरोलिनात जे घडले, ते या पद्धतीत इतक्या सहजासहजी घडणे नाही.

त्या वर्षी रिंगणात पंधरा जण होते. स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी उभे केलेले उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर केंद्रीय अर्थमंत्री. आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर ज्यांनी त्या मंत्रिपदाचा राजीनामा दिला, तेच हे देशमुख. ज्यांच्या राजीनाम्याने एके काळी महाराष्ट्राची मान उंचावली, त्यांच्या या उमेदवारीचा आपल्याकडे फारसा उल्लेखही होत नाही.

आता आकडे ऐका. व्याख्यानात आकडे कंटाळवाणे वाटतात, पण या आकड्यांत सारी कथा आहे. १६ ऑगस्टला मतदान झाले. पहिल्या पसंतीची गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. निवडून यायला ४,१८,१६९ हवी होती. गिरी सोळा हजार सहाशे चोपन्न मतांनी कमी पडले. मग मागच्यांना बाद करीत पसंत्या मोजणे सुरू झाले. अखेरीस रेड्डींच्या पदरात जवळजवळ ९२ हजार मते नवीन पडली, गिरींच्या पदरात फक्त साडेअठरा हजार. तरी गिरी ४,२०,०७७ वर पोचले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर अडकले. फरक १४,६५०. आमदार-खासदारांच्या मताला वजन असते, म्हणून हा आकडा मोठा दिसतो. माणसांची संख्या त्याहून कितीतरी लहान.

देशमुखांच्या मतदारांचा कल रेड्डींकडे होता, हे या वाढीवरून उघड दिसते. पण ज्यांनी दुसरी पसंती लिहिलीच नाही, अशांची मते वाया गेली. ‘माझा माणूस नाही, तर कोणीच नाही’ हे बाणेदारपणाचे वाटते खरे. ते मत मात्र मोजणीच्या टेबलावर निरुपयोगी कागद होऊन पडते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात काँग्रेस दुभंगली. बंगलोरला रेड्डींच्या बाजूने मत देणारे यशवंतराव फुटीनंतर इंदिराबाईंबरोबर राहिले, पाटील दुसरीकडे. याला धरसोड म्हणायचे की पक्षाची शिस्त व देशाची दिशा यांच्या कात्रीत सापडलेल्या माणसाचा निर्णय म्हणायचे? मी दुसऱ्या बाजूचा आहे, पण सभागृहात पहिल्या बाजूचेही बरेच असतील.

सरकारला मात्र गर्दीच खुपली असावी. १९६७ साली सतरा उमेदवार उभे होते आणि त्यांतल्या नऊ जणांना एकही मत पडले नव्हते! १९७४ साली कायदा बदलून दहा सूचक, दहा अनुमोदक आणि अडीच हजारांची अनामत आवश्यक केली गेली. १९९७ साली ती अट पन्नास-पन्नास आणि पंधरा हजारांवर नेली. हौशी उमेदवारांना दार बंद झाले. बंगलोरच्या त्या खोलीचे दार मात्र या कायद्याच्या कक्षेत येत नाही. पक्षाने कोणाला उभे करावे, हे आजही तसेच ठरते. तुमच्या आमच्या प्रभागातही तिकिटासाठी इच्छुकांच्या मुलाखती होतात, यादी वर जाते, आणि पक्षाचा साधा सभासद ती वर्तमानपत्रात वाचतो.

आणि संजीव रेड्डी? ते १९७७ साली राष्ट्रपती झालेच. त्या वेळी ३७ जणांनी अर्ज भरले होते. छाननीत ३६ बाद झाले, आणि मतपेटी उघडण्याची वेळच आली नाही.