परदेशी विद्या कशासाठी?

(तळोदा येथे पालकांच्या सभेत केलेले भाषण)



गेल्या पावसाळ्यात आपल्यापैकीच एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांच्या मुलीला विलायतेतील विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. दोन एकर शेत गहाण टाकण्याचा दस्त करून द्या, असे त्यांचे म्हणणे होते. बोलता बोलता त्यांनी विचारले, "वकीलसाहेब, इथे इतकी कॉलेजे असताना मुले परदेशी का जातात? आणि गेलेली पोर परत येईल का?" हा प्रश्न आपल्याही मनात असेल, म्हणून त्याचे उत्तर आज सर्वांसमक्ष देतो.

परमपूज्य डॉ. बाबासाहेबांचे चरित्र पाहा. 1913 साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्राचा विभाग 1921 साली निघाला. जी विद्या घरी मिळत नाही ती शोधीत जाणे, हे पहिले कारण. तेथे सेलिग्मन व ड्युई यांच्यासारखे गुरू भेटले आणि बरोबरीच्या वागणुकीचा अनुभव आला. आपली किंमत आपल्या बुद्धीवरून व्हावी ही इच्छा, हे दुसरे कारण. तिसरे कारण सर्वांत मोठे: मिळविलेली विद्या घेऊन परत येणे. 1917 साली बडोद्यात या विद्वानास राहावयास जागा मिळेना. तरी त्यांनी देश सोडला नाही. पुन्हा लंडनला जाऊन 1923 पर्यंत बॅरिस्टर व डी.एस्सी. झाले, ते येथे येऊन लढण्यासाठी. आपल्या खानदेशात, धुळ्याच्या न्यायालयातही ते 1937 साली आले होते.

केवळ जातीपासून पळ काढण्यासाठी जो परदेशी जातो, त्याची मात्र फसगत होते. जात आपल्या लोकांच्या सामानातून समुद्रापलीकडेही गेली आहे. नाही तर अमेरिकेतील सिएटल शहरास 2023 साली जातिभेदाविरुद्ध कायदा का करावा लागला असता?

आता पैशाचा प्रश्न. बाबासाहेबांना बडोदे सरकारने तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड दिले, ते दहा वर्षे नोकरीचा करार लिहून घेऊन. मुदत संपताच लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजातील पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराज व मित्र नवल भथेना यांच्या साहाय्याने ते 1920 साली पुन्हा गेले.

आज आपल्या मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तीत अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना 75 जागा आहेत. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती निराळी. 1990 च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींचा हक्क केंद्रानेही मान्य केला. ही कोणाची मेहेरबानी नव्हे, हा हक्क आहे. परंतु हक्क कागदावाचून उभा राहत नाही.

त्या मुलीचेच पाहा. तिच्या व वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर केवळ 'बौद्ध' अशी नोंद. त्यामुळे जातपडताळणी अडली, आणि त्यावाचून अर्ज पुढे जाईना. शेवटी आजोबांच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात मूळ जातीची नोंद सापडली. धर्मांतराने आपण जात टाकली; पण तिच्यामुळे झालेल्या अन्यायाची भरपाई मागताना कायदा तिचा पुरावा मागतो. म्हणून मूल दहावीत असतानाच आजोबांचा दाखला शोधा. पडताळणी वेळेत करून घ्या. उत्पन्नाच्या व विद्यापीठाच्या क्रमवारीच्या अटी बदलतात. दर वर्षीची जाहिरात स्वतः वाचा. करारपत्रावर अंगठा किंवा सही करण्यापूर्वी त्यातील प्रत्येक ओळ समजून घ्या. आणि मुलगी आहे म्हणून तिला मागे ठेवू नका.

तो गहाणाचा दस्त मी केला नाही. विद्यापीठाने प्रवेश एक वर्ष पुढे ढकलला. अर्ज रवाना झाला. निवड अद्याप व्हावयाची आहे. पण शेत घरात आहे, आणि हक्काचे कागद मुलीच्या हातात आहेत. ती परत येईल का? ज्या घराने तिला विकत नव्हे, हक्काने शिकविले, त्या घराचे ऋण ती विसरणार नाही, असा माझा विश्वास आहे.

जय भीम!