कलम १९ आणि आपल्या हातातला मोबाइल

(तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळच्या गटचर्चेत एकीनं विचारलं, "ताई, व्हॉट्सअॅपवर बायकांना घाण बोलणाऱ्याला लगेच आत टाकणारं एखादं कलम नाही का?" असं एक कलम होतं. मी ते वापरलंही होतं. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. २००८ च्या दुरुस्तीनं त्यात ६६-अ हे कलम आलं आणि ऑक्टोबर २००९ पासून लागू झालं. संगणकावरून, मोबाइलवरून 'अतिशय अपमानकारक' मजकूर पाठवला, किंवा त्रास देण्यासाठी, गैरसोय करण्यासाठी संदेश पाठवला, तर तीन वर्षांपर्यंत कैद. तेव्हा आमच्या सल्ला केंद्रात एक शिक्षिका आली होती. विभक्त राहणारा नवरा रात्री-अपरात्री शिवीगाळीचे मेसेज पाठवायचा. पोलिसांनी 'घरगुती मामला' म्हणून तिला दोनदा परत लावलं होतं. मी ६६-अ चा उल्लेख करून अर्ज लिहून दिला, आणि पहिल्यांदाच समोरच्या हवालदारानं पेन उचललं. मला केवढा आनंद झाला! बायकांच्या हातात हत्यार आलं, असं मी बैठकांतून सांगत फिरले.

मग नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरची घटना घडली. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई आणि आसपास सगळं बंद होतं. या बंदबद्दल एका तरुणीनं फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला, दुसरीनं तो 'लाइक' केला. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. लावलेल्या कलमांत ६६-अ होतं. पुढे प्रकरण बंद झालं, पण पोलीस ठाण्याची पायरी त्या मुलींना चढावी लागली ती लागलीच. मी वर्तमानपत्र हातात धरून बसून राहिले. 'त्रास झाला' हे शब्द मी शिक्षिकेच्या अर्जात लिहिले होते. तेच शब्द या दोघींवर उलटले होते. शब्द इतके सैल, की ज्याच्यामागे माणसं जास्त, त्याला त्रास लवकर होतो.

आता संविधानाकडे या. अनुच्छेद १९ (१) (क) आपल्याला बोलण्याचं स्वातंत्र्य देतो. त्यावर निर्बंध कशासाठी घालता येतील, याची यादी १९ (२) मध्ये आहे: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी, गुन्ह्याला चिथावणी. निर्बंधही वाजवी हवा. (यातला 'नीतिमत्ता' हा शब्द बाईच्या अंगावरच्या कपड्यांनी मोजला जातो, पण तो वेगळ्या सत्राचा विषय.) या यादीत 'त्रास' नाही, 'गैरसोय' नाही.

पालघरनंतर श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीनं सर्वोच्च न्यायालयात नेमकं हेच विचारलं. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांनी ६६-अ रद्द केलं. त्या निकालातली तीन पायऱ्यांची मांडणी मला कामाची वाटते: चर्चा करणं, मताचा पुरस्कार करणं आणि चिथावणी देणं. पहिल्या दोन कुणाला कितीही झोंबल्या तरी संरक्षित. तिसरीवर आल्यावरच कायदा हात घालू शकतो. 'आम्ही कलम जपून वापरू' असं सरकारनं सांगितलं होतं. न्यायालय म्हणालं, सरकारं येतात नि जातात, कलम तसंच राहतं.

रद्द झालेलं कलमसुद्धा तसंच राहिलं, बरं का! ठाण्यांमधून त्याखाली गुन्हे नोंदवणं चालूच होतं. पीयूसीएलला २०२१ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयासमोर तक्रार न्यावी लागली, आणि ६६-अ खाली कुणावरही खटला चालवू नका असा आदेश ऑक्टोबर २०२२ मध्ये द्यावा लागला. तेव्हा नोटीस हातात आली तर आधी कलमाचा आकडा वाचा.

मग त्या शिक्षिकेनं काय करायचं? तिच्यासाठी नेमके शब्द असलेली कलमं आहेत. नको म्हटल्यावरही मेसेज करत राहणं, बाईच्या इंटरनेट-वापरावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा; २०१३ ते २०२४ तोच ३५४-ड होता. संमतीशिवाय खाजगी अवयवांचा फोटो काढणं वा पसरवणं, यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-इ. लिहायला वेळ लागतो, पण ही कलमं आपल्यावर सहजी उलटत नाहीत.

निनावी लिहिण्याबद्दल मात्र माझं मन अजून पक्कं नाही. खोटं नाव घेऊन शिव्या देणारे आपण रोज बघतो. २०२१ च्या नियमांनी मोठ्या मेसेज-कंपन्यांवर संदेश पहिल्यांदा कुणी पाठवला हे ओळखण्याची जबाबदारी टाकली, तेव्हा 'बरं झालं' असं माझ्या तोंडून निघून गेलं. आणि लगेच आठवलं, १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं ते विभावरी शिरूरकर या टोपणनावानं. ते नाव नसतं तर बाळूताई खऱ्यांना ते छापणं जमलं असतं?

अब्रुनुकसानीची भीती घालणारेही भेटतील. 'मी टू'च्या वेळी पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर एम. जे. अकबर यांनी फौजदारी खटला भरला. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं. बाईला तिच्या पसंतीच्या कुठल्याही व्यासपीठावर, कित्येक वर्षांनीही, गाऱ्हाणं मांडता येतं, असं निकालात आहे. खालच्या न्यायालयाचा निकाल असला तरी दाखवायला उपयोगी.

आणि मुळात मोबाइलच हातात नसेल तर? केरळात मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते दहा मोबाइलबंदी होती. एका विद्यार्थिनीनं ती मानली नाही, तिला काढून टाकलं. २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं तिला परत घ्यायला लावलं. इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग ठरवला.

हे सांगते त्याला कारण आहे. आपल्या बचत गटातल्या एकीनं टँकरच्या गढूळ पाण्याचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. एका कार्यालयाकडून तिला 'बदनामीबद्दल खुलासा करा' अशी नोटीस आली आहे. नोटिशीत कलम लिहिलेलंच नाही. लोकहितासाठी खरं सांगणं हा अब्रुनुकसानीला कायद्यातच दिलेला अपवाद आहे, आणि पाण्याची बाटली तिनं जपून ठेवली आहे. जेवणानंतर आपण उत्तराचा मसुदा करू. पण नोटीस आल्या दिवशीच नवऱ्यानं तिचा मोबाइल काढून घेतला. तो कलम १९ दाखवून परत मिळणार नाही. संध्याकाळी तिच्या घरी जाऊन बसावं लागेल. माझ्याबरोबर कोण कोण येतंय?