अंथरूण आखूड का पडते? कर्ज, काटकसर आणि कष्टकऱ्यांचे घर

(रायपूर येथील गोल बाजार परिसरातील मराठीभाषक कामगार, दुकाननोकर आणि गृहिणी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



कर्जाच्या विळख्यातून कुटुंब सोडवायचे असेल तर घरखर्चाला कात्री लावा, हा उपदेश कष्टकरी माणसाला पिढ्यानपिढ्या ऐकवला जात आहे. मराठीत तर त्याला म्हणींचे पाठबळ आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ऋण काढून सण करू नये. या म्हणींत शहाणपण नाही असे कोणीही म्हणणार नाही. परंतु मुळात अंथरूणच इतके आखूड का, हा प्रश्न या म्हणी विचारीत नाहीत. म्हणून काटकसरीने कर्ज फिटते काय, फिटत असेल तर कोणत्या परिस्थितीत, आणि कात्री कोणत्या खर्चावर चालवावी व कोणत्यावर कदापि चालवू नये, याचा आज नीट विचार करावयाचा आहे.

या विचाराला गोल बाजाराइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल. जन्मापासून मरणापर्यंतचे सारे सामान येथे मिळते, असे रायपूरकर अभिमानाने सांगतात. बारसे, लग्न, सणवार, अंत्यविधी, ज्या ज्या प्रसंगी गरिबाचे कुटुंब हात पसरते, ते सारे प्रसंग या गल्ल्यांतून जातात. आणि येथे माल विकणारा, वाहणारा, तोलणारा श्रमिकही त्याच कर्जात बुडालेला असतो. हमाल, दुकाननोकर, रस्त्याकडेला पसरा मांडून बसलेली भाजीवाली, यांच्या घरी वाण्याच्या उधारीची वही असतेच.

येथून जवळच जयस्तंभ चौक आहे. १८५६ च्या दुष्काळात सोनाखानचे जमीनदार नारायण सिंह यांनी व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार फोडून भुकेल्या प्रजेला धान्य वाटले. त्यासाठी त्यांना अटक झाली. पुढे तुरुंगातून निसटून त्यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले, आणि १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात त्यांना मृत्युदंड देण्यात आला. त्यांच्या बलिदानाची जागा म्हणून हाच चौक ओळखला जातो. त्या दुष्काळात लोकांना कमी खाण्याचा उपदेश करणे सोपे होते. नारायण सिंहांनी कोठारात धान्य असताना लोक उपाशी का, हा प्रश्न उभा केला.

व्याजाचे गणित

प्रथम साधा हिशेब पाहू. एखाद्या कुटुंबाने २० हजार रुपये दरमहा शेकडा ५ रुपये व्याजाने घेतले, असे समजा. महिन्याचे व्याजच १ हजार रुपये झाले. दूध, भाजी, बसभाडे यांत काटछाट करून त्या घरच्या गृहिणीने महिन्याला १ हजार रुपये वाचवले आणि सावकाराला दिले, तरी वर्षाअखेर मुद्दल २० हजारच राहते. १२ हजार रुपये गेले, मुलांच्या ताटातले गेले, आणि कर्ज एका पैशानेही हलले नाही. तिने दीड हजार वाचवले, तर कर्ज फिटण्यास जवळजवळ दोन वर्षे लागतात आणि एकूण सुमारे ३४ हजार रुपये भरावे लागतात. हेच कर्ज दरमहा शेकडा १ रुपया दराने असते, तर त्याच दीड हजारांत ते सव्वा वर्षाच्या आत सुमारे साडेएकवीस हजारांत फिटले असते. गृहिणीची काटकसर दोन्हीकडे सारखीच आहे. फरक केवळ व्याजाच्या दराचा आहे.

बाजारपेठांतून चालणाऱ्या रोजच्या वसुलीचा प्रकारही समजून घ्यावा. कागदावर १० हजार, हातात ९ हजार, आणि रोज १०० रुपयांप्रमाणे १०० दिवस परतफेड. 'फक्त हजार रुपये जास्त' असे वाटते. परंतु पैसा रोज परत जात असल्याने सरासरी साडेचार हजारच वापरायला मिळतात, आणि वार्षिक दर ८० टक्क्यांच्या घरात जातो. म्हणून कर्जातून बाहेर पडण्याची पहिली पायरी काटकसर ही नव्हे. प्रत्येक देण्याचा खरा दर काढणे आणि सर्वांत महाग देणे स्वस्त देण्यात बदलून घेणे, ही पहिली पायरी आहे. काटकसरीला अर्थ येतो तो त्यानंतर.

इतिहासाची साक्ष

'गरीब कर्जबाजारी होतो तो स्वतःच्या उधळपट्टीने', हा आरोप जुना आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला आणि कर्जखते जाळण्यात आली. त्याच्या चौकशीसाठी नेमलेला आयोग काही शेतकऱ्यांचा कैवारी नव्हता. तरीही लग्नकार्यातील खर्चाला कर्जाचे कारण म्हणून अवाजवी महत्त्व दिले गेले आहे, असे त्यालाच नमूद करावे लागले. अन्न, बियाणे, बैल आणि सरकारी सारा यांसाठी वारंवार काढलेल्या लहान लहान रकमांनीच कर्जाचा डोंगर वाढत होता.

शहरी कामगाराची कथा वेगळी नव्हती. मुंबईच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये केलेल्या कौटुंबिक जमाखर्चाच्या पाहणीत ४७ टक्के कुटुंबे कर्जात आढळली. ते कर्ज सरासरी अडीच महिन्यांच्या कमाईइतके होते. १९३१ साली व्हिटली आयोगाने देशातील बहुतेक औद्योगिक केंद्रांत किमान दोन तृतीयांश कुटुंबे कर्जबाजारी असल्याचा अंदाज दिला. रुपयामागे महिन्याला एक आणा हा तेव्हाचा रूढ दर, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. आणे गेले, पठाण गेला, सोटा गेला. पण वर पाहिलेल्या रोजच्या वसुलीचा दर आजही त्याच पातळीवर आहे, हे ध्यानात घ्यावे.

आजचे चित्र सरकारी आकड्यांतच दिसते. जून २०१८ अखेरच्या स्थितीवर आधारलेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भागातील ३५ टक्के आणि शहरांतील २२.४ टक्के कुटुंबे कर्जदार होती. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाला अर्धशतक होत आले असतानाही ग्रामीण कर्जापैकी ३४ टक्के रक्कम सावकार, नातलग आदी बिगरसंस्थात्मक मार्गांची होती.

एंगेल्सने दिलेला इशारा

१८७२-७३ साली लिहिलेल्या 'घरांचा प्रश्न' या लेखमालेत फ्रेडरिक एंगेल्सने या विषयाच्या मुळाशी हात घातला. एखाद्या कामगाराने इतरांपेक्षा कमी खर्चात भागवले तर त्याच्यापुरता त्याला लाभ होतो. परंतु सर्वच कामगार कमी खर्चात जगू लागले, तर श्रमशक्ती निर्माण करण्याचा खर्चच उतरतो आणि त्याबरोबर मजुरीही खाली खेचली जाते. कामगाराने वाचवलेले शेवटी मालकाच्या खिशात जाते.

याचा अर्थ काटकसर करू नये असा नव्हे. याचा अर्थ असा की मजुरीच्या लढ्याला काटकसर हा पर्याय होऊ शकत नाही. जो दुकाननोकर किमान वेतन न मागता एक वेळचे जेवण कमी करतो, तो नकळत शेजारच्या दुकानातील नोकराचेही वेतन खाली आणतो.

कात्री कोठे, आणि कोठे नाही

तरीही घरात कात्री लावण्याजोगे बरेच असते, हे मान्य केले पाहिजे. १९७७ मध्ये याच छत्तीसगढमधील दल्ली राजहरा येथील खाणकामगारांनी संघर्ष केला. जूनमधील पोलीस गोळीबारात कामगार हुतात्मे झाले आणि मजुरी वाढवून मिळाली. परंतु वाढलेली मजुरी दारूच्या दुकानात जाऊ लागली. शंकर गुहा नियोगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हा दारूविरुद्ध मोहीम उभारली आणि तिचा कणा होत्या कामगार स्त्रिया. पुढे १९८३ मध्ये कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमातून तेथे शहीद रुग्णालय उभे राहिले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत नियोगींची हत्या झाली. संघटनात्मक मतभेद बाजूला ठेवूनही त्यांच्या कार्यातील हा धडा घेतला पाहिजे. खर्चातील कपात हा तेथे उपदेश नव्हता, ती संघटित चळवळ होती, आणि वाचलेला पैसा रुग्णालयाच्या रूपाने कामगारांकडेच परत आला.

लग्नकार्याचेही तसेच आहे. एकट्या बापाने मानपान, रुखवत, हुंडा, जेवणावळी नाकारल्या तर समाज त्याला नावे ठेवतो. वस्तीने मिळून ठरवले तर तीच गोष्ट सन्मानाची होते. हप्त्यावर घेतलेला महागडा मोबाइल, ॲपवरून दोन मिनिटांत मिळणारे कर्ज, गणपती-दिवाळीतील चढाओढ, येथे कात्री जरूर चालवावी.

परंतु मुलांचे दूध, डाळ, औषध, शाळा आणि घरातील स्त्रीचे जेवण यांवर ती चालवू नये. काटकसरीची पहिली झळ बहुतेक घरांत स्त्रीच्या ताटाला लागते. सर्वांना वाढून उरले तर ती खाते, आणि ही कपात कोणत्याच वहीत लिहिली जात नाही. आजारी पडलेली आई आणि शाळा सोडलेली मुलगी ही पुढील कर्जाचीच बीजे आहेत.

संघटित शक्तीचा मार्ग

मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या स्त्रिया रोज पहाटेपासून राबत. धान्य उधारीवर घेत आणि भरमसाट व्याजात अडकत. त्यांच्यापेक्षा काटकसरी कोण असणार? तरी कर्ज फिटत नव्हते. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या कम्युनिस्ट कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज या स्त्रियांना मिळवून दिले. १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले नसते, तर ते दार उघडले नसते. आणि स्त्रिया संघटित नसत्या, तर राष्ट्रीयीकरण होऊनही त्या दाराबाहेरच राहिल्या असत्या.

त्याआधी, १९७२ मध्ये, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, मृणाल गोरे यांच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध स्त्रियांची संयुक्त आघाडी झाली आणि लाटणी-थाळ्या घेऊन हजारो गृहिणी रस्त्यावर उतरल्या. त्यांनी स्वयंपाकघरातला हिशेब सरकारच्या दारी नेला. छत्तीसगढने २०१२ मध्ये, राष्ट्रीय कायद्याच्या आधी, स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा केला आणि गरीब कुटुंबाला रुपया-दोन रुपये किलोने तांदूळ मिळणे हा कायदेशीर हक्क झाला. काटकसरीचे शंभर उपदेश जे साधू शकत नाहीत, ते रेशनच्या एका पोत्याने साधते.

याउलट आजच्या सूक्ष्मवित्ताकडे पाहा. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात या कंपन्यांच्या वसुलीच्या जाचातून एवढा उद्रेक झाला की सरकारला अध्यादेश काढावा लागला. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने या कर्जांवरील व्याजाची कमाल मर्यादा उठवली, आणि हप्त्यांची बेरीज कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपर्यंत जाऊ दिली. आता २०२२-२३ च्या उपभोग-खर्च पाहणीनुसार शहरी कुटुंबाच्या खर्चातील अन्नाचा वाटा सरासरी ३९ टक्के आहे. गरिबाच्या घरी तो अधिकच असतो. जेथे जमा आणि खर्च यांची जेमतेम तोंडमिळवणी होते, तेथे अर्धे उत्पन्न हप्त्यांत आणि दोन पंचमांश अन्नात गेल्यावर भाडे, औषध आणि शाळेसाठी शेकडा दहा रुपये उरतात. अशा घराला आणखी काटकसर शिकवणे ही थट्टा आहे.

तेव्हा कामे स्पष्ट आहेत. प्रत्येक घरात जमाखर्चाची वही असावी, आणि ती नवरा-बायकोने मिळून लिहावी. कोणतेही कर्ज लपवू नये, कारण लपवलेल्या कर्जाला सावकार हवा तो दर लावतो. महाग देणे बँक, पतपेढी किंवा बचत गटाच्या स्वस्त कर्जातून आधी फेडावे. पसरा मांडणाऱ्यांनी २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी, आणि व्याजात सवलत देणाऱ्या २०२० पासूनच्या स्वनिधी योजनेच्या कर्जावर हक्क सांगावा. हप्ता थकल्यावर दारात येऊन अपमान करणाऱ्या वसुलीदाराला एकट्या बाईने तोंड देऊ नये, सारी गल्ली तिच्या पाठीशी उभी राहावी. किमान वेतन, रेशन, सरकारी दवाखाना आणि सरकारी शाळा यांसाठीचा लढा हा घरखर्च कमी करण्याचाच लढा आहे, हे ओळखून संघटनेत यावे.

पाय आखडून झोपण्याची सवय कष्टकऱ्यांना फार काळ लावण्यात आली आहे. आता हिशेबाची वही हाती घेऊन अंथरूण लांब करण्याच्या कामाला लागले पाहिजे.