अवतरणचिन्हांची काटकसर नको

वेब प्रोग्रॅमिंग करणाऱ्या मुलामुलींशी आज बोलायचंय. सर्व्हरकडून जेसनची स्ट्रिंग आली, ती जेसन.पार्सला दिली, ऑब्जेक्ट हातात आलं, की डॉट लावून हवी ती व्हॅल्यू काढायची. हे तुम्हाला येतं. २००९च्या एक्मास्क्रिप्टपासून पार्स भाषेतच आलं, इव्हॅलची जोखीम गेली, तेही ठाऊक असेल. मला एवढंच सांगायचंय, की अंकांत लिहिलेली प्रत्येक गोष्ट संख्या नसते.

आजीचं तांदळाचं मापटं आठवा. भरायचं आणि वरून हात फिरवायचा. चार दाणे सांडले तरी भात तेवढाच होतो. जावास्क्रिप्टची संख्या म्हणजे असंच मापटं. ९००७१९९२५४७४०९९१ इथपर्यंत पूर्णांक नीट मावतात. त्यापुढे विषम संख्या बसतच नाहीत. याच संख्येच्या शेवटी ९९१ऐवजी ९९३ घाला, ती अवतरणाशिवाय पाठवा, पार्स करा आणि छापून बघा. शेवटी ९९२ दिसेल. एरर नाही, इशारा नाही.

मागे एक विद्यार्थिनी रडकुंडीला आली होती. यादीतली ऑर्डर उघडली की दुसऱ्याचीच दिसायची, तीही अधूनमधून. क्रमांक सतरा आकडी होते आणि अवतरणाशिवाय येत होते. असा क्रमांक म्हणजे किल्ली. बाळांनो, तांदूळ मापट्यात घाला, पण किल्ली घालून वरून हात फिरवू नका! किल्लीचा दात झिजला तर आपलं कुलूप उघडत नाही, एवढ्यावर ते थांबत नाही. कधी शेजाऱ्याचं उघडतं. मग पार्स झाल्यावर टूस्ट्रिंग लावून काय उपयोग? हात फिरून गेलेला असतो. अवतरणचिन्हं सर्व्हरनंच घालायला हवीत. ट्विटरनं २०१०मध्ये हेच केलं: आयडीच्या शेजारी आयडी_एसटीआर ठेवलं, तोच क्रमांक, पण स्ट्रिंग म्हणून.

पुन्हा सांगते, कारण हे निसटतं. ज्याची बेरीज-वजाबाकी करणार नाही, ते अवतरणात ठेवा. किंमत, वजन, नग या संख्या. खातेक्रमांक, फोन, ऑर्डर या किल्ल्या. पुण्याचा एसटीडी कोड घ्या, ०२०. तो उघडा लिहिलात तर पार्स सिंटॅक्स एरर देतं. बरंच आहे, निदान ओरडतं तरी. पण सर्व्हरवर आधीच त्याची संख्या झाली असेल, तर नुसता २० येतो आणि कोणालाच काही कळत नाही. पुढचं शून्यही किल्लीचा दातच की!

तारखांबद्दलही बोलायचं होतं. जेसनमध्ये तारीख असा प्रकारच नाही, तीही स्ट्रिंग म्हणूनच येते, आणि मग वेळेच्या पट्ट्यांचा घोळ... पण समोर वेळ संपल्याचा लाल दिवा लागलाय. आज घरी गेल्यावर तेवढी ९९३ची संख्या पार्स करून बघाच.