तीन खणांचं घर

केडगाव म्हटलं, की लोकांना पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आठवतं, नाहीतर बेटावरचे नारायण महाराज. मला मात्र आज बोलायचंय ते दौंड तालुक्यातल्या याच गावातल्या आमच्या तीन खणांच्या घराविषयी. खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. आमचा खण पाच फुटांचा. म्हणजे पंधरा फुटांत आठ माणसं, एक चूल आणि वर्षाची ज्वारी.

हे सगळं मावायचं कसं? तर भिंतीत! दगडमातीची भिंत चांगली दोन फूट जाड. सामान घरात ठेवायचंच नाही, भिंतीत ठेवायचं, असा बांधणाऱ्याचा हिशोब. पश्चिमेच्या कोनाड्यात कुराण, शेजारच्या फडताळात दादीची औषधं. मधल्या भिंतीतली दिवळी आरपार होती. एक चिमणी लावली की ओटीवर आणि माजघरात, दोन्हीकडे उजेड. दाराचा अडसर दिवसभर भिंतीच्या पोटात सरकवलेला. ज्वारी माळवदावर वाळवायची आणि तिथूनच कोपऱ्यातल्या बळदात ओतायची. खाली चुलीजवळ बळदाचं तोंड. चिंध्यांचा बोळा काढला की ज्वारी सुपात.

आणि वर माळवद. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पाला, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. वैशाखातही आत गारवा. दरवर्षी पावसाआधी अब्बा नव्या मातीचा थर देत. जुना मात्र कुणी काढत नसे.

मग ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आली. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, ती अशाच जाड भिंतींखाली, अशाच माळवदांखाली. जिथं छताचा भार लाकडी खांबांवर होता, तिथली काही घरं भिंती ढासळूनही उभी राहिली. आमच्याकडे खांब नव्हते. तुळया थेट भिंतीवर टेकलेल्या. पेपर वाचून झाल्यावर अब्बा बराच वेळ छताकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी घमेलं घेऊन वर चढले. आठ दिवस माती खाली येत होती. किती पिढ्यांचे पावसाळे आम्ही डोक्यावर साठवले होते, ते तेव्हा कळलं.

माळवदाच्या जागी पत्रा आला. जीव निर्धास्त झाला, गारवा गेला. बळदाचं वरचं तोंडही बुजलं.

पुढे धाकट्या भावानं शेजारीच स्लॅबचं घर बांधलं. मी गवंड्याला म्हटलं, "मधल्या भिंतीत एक आरपार दिवळी ठेवा." तो हसला. "साहेब, भिंत सहा इंचांची. तिच्यात दिवळी कुठली?" खरंच होतं ते. मग कपाटं आणली, आणि खोल्या लहान वाटू लागल्या.

भावाचं म्हणणं, जुनं घर आता पाडावं. त्याचं चूक नाही. दोन पावसाळ्यांपासून मागची भिंत फुगलीय. मीही हो म्हणालोय. फक्त अम्मीला अजून सांगितलेलं नाही. सुईदोरा हवा असला, की ती नव्या घरातून उठते, अंगण ओलांडते आणि अंधारात न चाचपडता त्या दिवळीत हात घालते.