एक जोडी चुकलेलं इन्सुलिन

आज इन्सुलिनबद्दल बोलूया, पण पथ्याबद्दल नाही.

पेशीबाहेर पाठवायचं प्रोटीन आधी एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम, थोडक्यात ईआर, नावाच्या कप्प्यात घडी होतं. इन्सुलिनचं कच्चं रूप म्हणजे प्रोइन्सुलिन, 86 अमिनो आम्लांची साखळी. तिच्यातल्या 6 सिस्टिनच्या 3 जोड्या बरोबर जुळायला हव्यात. घडी अर्धवट असेल तर मदतनीस प्रोटीन्स तिला धरून ठेवतात. नीट झाली की पुढे गॉल्जीकडे. नाहीच जमली तर कप्प्याबाहेर ओढून प्रोटिअसोममध्ये तुकडे!

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना वाटतं, टेस्ट फेल, रिलीज थांबलं, विषय संपला. इथे तसं नाही. एका सिस्टिनच्या जागी टायरोसिन आलं, की एक जोडी जुळतच नाही. जनुकाची दुसरी प्रत चांगली असते, पण हा अडकलेला माल चांगल्या प्रोइन्सुलिनलाही अडकवतो. ईआर इशारा देतं: उत्पादन कमी करा, मदतनीस वाढवा. तरीही ताण हटला नाही, तर बीटा पेशीच मरते. जपानमधल्या अकिता उंदरांत हे आधी दिसलं. 2007 मध्ये इन्सुलिनच्या जनुकातले असे बदल मधुमेह असलेल्या तान्ह्या बाळांतही सापडले.

म्हणून पहिल्या 6 महिन्यांत बाळाला मधुमेह निघाला, तर जनुक चाचणी महत्त्वाची. दोष पोटॅशियम चॅनेलच्या जनुकात असेल, तर बऱ्याच बाळांना गोळ्या पुरतात. पण अशा घडीच्या बिघाडात इन्सुलिनच लागतं. ओळखीत असं बाळ असेल, तर आईवडिलांना सांगा, डॉक्टरांना या चाचणीबद्दल विचारा म्हणावं. भेटू पुढच्या भागात.