यंत्राची फितुरी

गुप्त लिपीचें सारें सामर्थ्य तिच्या गणितांत असतें, असा सामान्य समज आहे. गणित अभेद्य ठरलें म्हणजे निरोप सुरक्षित झाला, असें मानून माणूस निश्चिंत होतो. परंतु गणित कागदावर राहतें. तें चालविणाऱ्या यंत्रास मात्र देह असतो, आणि देह बोलल्यावांचून राहत नाहीं.

सन १९४३ मधील गोष्ट. दुसरें महायुद्ध ऐन भरांत होतें. अमेरिकन सैन्य टेलिप्रिंटरचे निरोप गुप्त करण्यासाठीं वापरी तें यंत्र बेल प्रयोगशाळेंत तपासलें जात होतें. यंत्र एक पाऊल पुढें सरकलें कीं प्रयोगशाळेच्या दूरच्या भागांतील ऑसिलोस्कोपवर एक टोंकदार रेषा उमटे. एका अभियंत्यानें त्या रेषा बारकाईनें पाहिल्या, तों त्यांवरून मूळ निरोपच वाचतां येऊं लागला!

सैन्यास हें पटेना. तेव्हां न्यूयॉर्कमध्यें वॅरिक रस्त्यावरील सैन्याच्या संकेत-कचेरीसमोर, सुमारें ८० फुटांवर, अभियंत्यांनीं आपलीं उपकरणें मांडलीं. तासभर तरंग टिपले आणि तीन-चार तासांत मूळ मजकुराचा सुमारें ७५ टक्के भाग सैन्याच्या हातीं ठेवला. लिपी कोणीं फोडली नव्हती. यंत्रच फितूर झालें होतें. सैन्यानें मग कचेरीभोंवतींचा १०० फुटांचा परिसर ताब्यांत ठेवण्याची आज्ञा दिली. तथापि युद्ध संपलें आणि धडाहि विसरला गेला. १९५१ मध्यें अमेरिकन हेरखात्यास त्याच यंत्रांत तोच दोष पुन्हा नव्यानें सांपडला.

आज तीच गोष्ट खिशांतील बँकेच्या कार्डास लागू आहे. पॉल कोचर यांनीं १९९६ मध्यें दाखविलें कीं गणितास लागणाऱ्या वेळावरूनहि गुप्त किल्ली उमगते. १९९९ मध्यें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सिद्ध केलें कीं चिप किती वीज खाते, हें सहस्रावधि वेळां मोजून तुलना केली असतां किल्ली उघड होते. एका मोजणींत कुजबूज ऐकूं येत नाहीं. अनेक मोजण्या एकत्र केल्या कीं गोंधळ विरतो आणि कुजबूज उरते.

म्हणून असल्या उपकरणाची परीक्षा केवळ गणित पडताळून पुरी होत नाहीं. परीक्षकानें चोराच्या जागीं बसावें, त्याचींच उपकरणें घ्यावीं, आणि वेळ, वीज व तरंग यांतून काय गळतें तें प्रत्यक्ष मोजावें. कुलूप मजबूत आहे एवढें पुरेसें नाहीं. किल्ली फिरतांना तें काय बोलतें, हेंहि ऐकावयास हवें.